सेटचा मराठीचा पेपर सुटल्यावर: तेंडुलकरांच्या एका प्रश्नावरून पाच जणांचं काय झालं

हे प्रकरण लिहून काढतेय कारण सेट, म्हणजे कॉलेजात शिकवण्यासाठीची पात्रता परीक्षा, झाली की दर वेळी हेच होतं. चांगला वाचणारा एखादा मुलगा नाहीतर मुलगी पेपरात नाही तर पेपर सुटल्यानंतरच्या दोन तासांत खचते, आणि त्याबद्दल कुणी काही लिहीत नाही. सगळं लिखाण अभ्यास कसा करावा यावर. पेपर झाल्यावर उत्तरं कशी जुळवावी यावर एक ओळ सापडत नाही, आणि माझ्या मते तिथेच बरंच काही बिघडतं.

मी सीनिअर कॉलेजला मराठी शिकवते, आणि सेट-नेट देणाऱ्या मुलांचा एक छोटा अभ्यासगट आमच्याकडे चालतो. फी नाही काही नाही, रविवारी जमायचं आणि वाचायचं. या प्रकरणातले पाचही जण त्याच गटातले. नावं देत नाही, परीक्षेचं साल देत नाही, आणि प्रश्नांची शब्दरचनाही ओळख पटू नये इतपत बदललीय. भांडण मात्र जसं झालं तसंच सांगतेय.

ज्यांना सेट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सहायक प्राध्यापक व्हायचं तर देशपातळीवरची नेट किंवा राज्यपातळीवरची सेट लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ १९९५ पासून घेतंय. पहिला पेपर सगळ्यांना सारखा, ५० प्रश्न १०० गुण, दुसरा आपल्या विषयाचा, १०० प्रश्न २०० गुण, सगळे बहुपर्यायी, ओएमआरवर, म्हणजे मशीनने तपासायच्या उत्तरपत्रिकेवर, गोळे रंगवायचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे रिकामा गोळा कुणीच ठेवत नाही. खुल्या गटाला किमान ४० टक्के आणि राखीव गटांना ३५ टक्के लागतात, पण तेवढ्याने भागत नाही, कारण दोन्ही पेपर दिलेल्यांपैकी ६ टक्केच पात्र ठरवायचे असा नियम आहे. म्हणजे तुमचा निकाल शेजारच्याच्या मार्कांवरही अवलंबून. हे डोक्यात ठेवा, कारण पेपर सुटल्यावर चहाच्या गाड्यावर जी पाच माणसं एकमेकांना 'तू काय केलंस' विचारतात ती मैत्रीत विचारत असली तरी प्रत्येकाच्या पोटात तो ६ टक्क्यांचा गोळा असतोच.

आता माणसं. दादा, वय तिशीच्या पुढे, तीन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय, ज्याला सगळे सीएचबी म्हणतात. तासाप्रमाणे पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत. त्याच्यासाठी सेट म्हणजे घर चालणं न चालणं. ताई, जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, दोन मुलं, वाचन अफाट पण क्लास कधी लावला नाही. गडहिंग्लजची एक, एमए होऊन दोन वर्षं झालेली, नोट्स काढण्यात एक नंबर. सावंतवाडीचा एक, नाटकवेडा, कॉलेजला एकांकिका केलेल्या. आणि छोटी, एमएच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच परीक्षेला बसलेली, कमी बोलणारी, घरात पदवीपर्यंत पोचलेली पहिलीच. सेंटर सगळ्यांचं कोल्हापूर, पण ताईचं कॉलेज वेगळं आलं होतं.

दीडला दुसरा पेपर सुटला. सेटमध्ये एक चांगलं आहे, प्रश्नपत्रिका आणि ओएमआरची प्रत घरी नेता येते, म्हणजे आपण काय रंगवलं ते नंतर बघता येतं. असं असूनही चौघांनी पहिला अर्धा तास नुसत्या तोंडी गोंधळात घालवला. दादा म्हणाला, "त्रेचाळीसला काय केलंस रे?" सावंतवाडीचा म्हणाला बी. गडहिंग्लजची म्हणाली डी. दादाचं सी. तिघांचे चेहरे उतरले. असं चारपाच प्रश्नांना झाल्यावर गडहिंग्लजचीच्या लक्षात आलं की आपल्या प्रश्नपत्रिकांचे संचच वेगळे आहेत. प्रश्न तेच, पण क्रम वेगळा, तिचा त्रेचाळीस म्हणजे मर्ढेकर आणि दादाचा त्रेचाळीस म्हणजे व्याकरण. ही इतकी साधी गोष्ट, पण पेपरनंतरच्या डोक्याला ती सुचत नाही. तोवर छोटीने आपल्या बुकलेटवर पेन्सिलने चुकलं म्हणून पाच फुल्या मारून ठेवल्या होत्या. संचांचा घोळ कळल्यावर बाकीच्यांनी आपापल्या फुल्या खोडल्या, तिच्या दोन राहूनच गेल्या.

मग आला नाटककार विजय तेंडुलकरांचा प्रश्न. साधारण असा: पुढील नाटकांचा योग्य कालानुक्रम ओळखा. सखाराम बाइंडर, गिधाडे, शांतता! कोर्ट चालू आहे, घाशीराम कोतवाल. ए पर्यायात शांतता, गिधाडे, सखाराम, घाशीराम. बीमध्ये गिधाडे सगळ्यात आधी, बाकी तसंच. सीमध्ये शांतता, गिधाडे, पण मग घाशीराम आधी आणि सखाराम शेवटी. डी म्हणजे गिधाडे आधी आणि सखाराम शेवटी.

दादाने बी केलं होतं. गडहिंग्लजचीनेही बी. दोघांचं गाईड एकच, त्यात गिधाडेसमोर १९६१ छापलेलं. सावंतवाडीच्याचं सी, कारण त्याने घाशीराममधला एक प्रवेश कॉलेजात केला होता आणि त्याला पक्कं वाटत होतं की घाशीराम ७२चं आणि सखाराम नंतरचं. छोटीचं ए.

आता हा भाग मी चौघांकडून वेगवेगळा ऐकलाय आणि तो चौघांनीही जवळपास सारखाच सांगितला, म्हणून जसाच्या तसा देते.

दादा म्हणाला, "अगं, गिधाडे एकसष्टचं आहे. गाईडमध्ये स्पष्ट दिलंय."

छोटी म्हणाली, "दादा, मी ए केलंय."

"कशावरून?"

"असंच... वाटलं."

"वाटून कसं चालेल? तीन जणांत दोघांचं बी आहे. बी धर."

आणि तिने फुली मारली. एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. दादाने तर तिच्या खांद्यावर थाप मारून पुढच्या वेळी होईल म्हटलं, आणि ते त्याने मनापासून म्हटलं, हे मला माहितेय. पण त्या थापेनेच तिचा धीर गेला, कारण ही वेळ अजून संपलेली नसताना तिला पुढची वेळ दिली गेली.

यापुढचे प्रश्न याच पद्धतीने सुटत गेले. ज्याला दोन मतं त्याचं उत्तर बरोबर. दादाने बुकलेटच्या मागच्या कोऱ्या पानावर चार रकाने आखले होते आणि मतं मोजून बरोबरची खूण करत होता. विंदा करंदीकरांच्या ज्ञानपीठचा प्रश्न निघाला, वर्ष कोणतं. छोटीने २००३ केलं होतं, बाकी दोघांनी २००६, कारण त्यांना टीव्हीवरची बातमी आठवत होती. विंदांना मिळालेलं ज्ञानपीठ २००३ सालचं, पण जाहीर झालं २००६ मध्ये. म्हणजे आठवण खरी आणि उत्तर चूक. तिथेही मत पडलं दोन विरुद्ध एक आणि छोटीने अजून एक फुली मारली. उलट मुकुंदराजांच्या विवेकसिंधुच्या प्रश्नात गडहिंग्लजचीने १११० केलं होतं, ते खरोखर चुकलं होतं, कारण ते शके १११० आणि प्रश्न इसवी सनाचा, त्यात ७८ मिळवले की ११८८. त्यावर वाद व्हायचं कारणच नव्हतं, झालाही नाही, तिने स्वतःच कपाळावर हात मारला आणि पुढे गेली. या दोन चुकांमधला फरक बघा. तिला आपली चूक का चूक आहे ते कळलं, म्हणून ती खचली नाही. छोटीला आपलं बरोबर का चूक ठरलं ते कळलंच नाही.

मराठीतल्या पहिल्या नाटकाच्या प्रश्नावर तर अर्धा तास गेला. दादा म्हणे सीता स्वयंवर, १८४३, विष्णुदास भावे, सांगली. गडहिंग्लजची म्हणे जोतिराव फुल्यांचं तृतीय रत्न, १८५५. सावंतवाडीचा तापला, "आमचो दशावतार तर त्याच्या कितीतरी आदीपासून आसा, तेचा काय?" तंजावरची नाटकं कुणाला तेव्हा आठवली नाहीत, नाहीतर सतराव्या शतकाच्या अखेरीचं लक्ष्मीनारायण कल्याणही मैदानात आलं असतं. आणि छोटीने केलं होतं थोरले माधवराव पेशवे, विनायक जनार्दन कीर्तने, १८६१. पुन्हा एकटी. पुन्हा फुली.

चार वाजता दादा स्टँडकडे गेला, बाकीचे आपापल्या गाडीला. छोटीने एसटीत बसून फुल्या मोजल्या.

रात्री तिने ग्रुपवर टाकलं, माझं नाही होणार यावेळी, सगळ्यांना शुभेच्छा. खाली सात रडके इमोजी आणि एक "डोन्ट वरी". मला हा मेसेज दुसऱ्या दिवशी दुपारी दिसला. तोवर ताईचा मेसेजही आला होता, पण तो वादातच अडकला.

ताई दुसऱ्या सेंटरवर असल्यामुळे या सगळ्यात नव्हती. तिने रात्री ग्रुप उघडला, दादाने टाकलेली मतमोजणीची यादी बघितली आणि तेंडुलकरांच्या प्रश्नाखाली लिहिलं की माझ्या मते ए. दादाचा लगेच रिप्लाय, ताई गाईड बघा, आणि गाईडच्या पानाचा फोटो. गडहिंग्लजचीने इंटरनेटवरच्या एका यादीचा स्क्रीनशॉट टाकला, त्यातही १९६१. मग ताईने एक लांब व्हॉइस मेसेज टाकला, तो मी जपून ठेवलाय कारण साहित्याचं ज्ञान डोक्यात कसं बसतं हे त्यातून इतकं स्वच्छ कळतं. तिने गाईडचं नावही काढलं नाही. तिने डॉ. श्रीराम लागूंच्या लमाण या आत्मचरित्रात वाचलेलं सांगितलं. गिधाडेच्या प्रयोगाच्या वेळी सेन्सॉरने साडीवरच्या लाल डागाला हरकत घेतली आणि मग प्रयोगाआधी प्रेक्षकांना त्या डागाच्या रंगाबद्दल खास सूचना दिली गेली. ती म्हणाली, हे १९७०चं, लागू दिग्दर्शक होते, आणि शांतता तर ६७ला रंगायन या नाट्यसंस्थेने केलं, सुलभाताई देशपांडे त्यात बेणारेच्या भूमिकेत होत्या, म्हणजे स्टेजवर शांतता आधी. सखारामचा पहिला प्रयोग मार्च ७२चा, कमलाकर सारंगांनी केलेला, १३ प्रयोगांनंतर बंदी आली आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. घाशीराम त्याच वर्षी, पण डिसेंबरात. म्हणून ए.

एकही साल तिने पाठ केलेलं नव्हतं. लाल डाग, बेणारे आणि कोर्टातली केस आठवत होती, सालं त्यांच्यासोबत आली होती.

दादाचं उत्तर होतं, "ताई, तुमचं वाचन मोठं आहे पण परीक्षेत गाईडचं चालतं." त्यावर ताई गप्प बसली. आणि हे वाक्य मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलं. दादा स्वतः कॉलेजात तेंडुलकर शिकवतो, आणि चांगला शिकवतो, मी त्याच्या तासाला बसलेय. पण तीन वर्षांच्या अनिश्चिततेने त्याला असं करून ठेवलंय की छापील गाईड हातात असल्याशिवाय त्याला स्वतःच्या शिकवण्यावरही भरवसा ठेवता येत नाही. त्याला दोष द्यावासा वाटत नाही मला. दोन मार्कांवर ज्याचं पुढचं वर्ष अवलंबून आहे तो माणूस लाल डागाच्या गोष्टीवर पैज लावणार नाही.

मला खरी काळजी होती ती छोटीची. फोन केला तर म्हणाली, "मॅडम, नेटचा फॉर्म भरत नाहीये. परीक्षेची फी फुकट जाईल." नेटच्या फॉर्मची मुदत चार दिवसांवर होती. मी म्हटलं, आधी आन्सर की, म्हणजे अधिकृत उत्तरसूची, तरी येऊ दे. ती म्हणाली, मॅडम मी मोजलेत. काय मोजलंय हे मी विचारलं तर तिने फुल्यांचा आकडा सांगितला, आणि कोणती फुली कशामुळे हे तिला एकाही फुलीबद्दल सांगता येईना. फॉर्म तिने भरला नाही. मी दोनदा सांगितलं, वडिलांशीही बोलले, पण घरात एकदा नाही होणार असं जाहीर झालं की मग पैसे मागायला तोंड राहत नाही. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या रविवारी मी सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, मोबाईल बाजूला, गाईड बाजूला, फक्त प्रश्नपत्रिका आणि पुस्तकं. मूळ पुस्तकं मिळतील तेवढी जमवली, काही करवीर नगर वाचन मंदिरातून, काही विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयातून, काही माझ्या कपाटातली.

छापील नाटकाच्या सुरुवातीला बहुतेक वेळा एक पान असतं, आपण ते नेहमी उलटून पुढे जातो. पहिला प्रयोग, तारीख, नाट्यगृह, संस्था, दिग्दर्शक, मग भूमिका आणि कलाकार. त्याच्या आधीच्या पानावर पहिली आवृत्ती कधीची ते. मी दादाला फक्त ही दोन पानं मोठ्याने वाचायला लावली, एकेका नाटकाची. घाशीराम: १६ डिसेंबर १९७२, भरत नाट्य मंदिर, पुणे, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, जब्बार पटेल. वाचता वाचता तो थांबला आणि म्हणाला, मॅडम, मग एकसष्ट कुठून आलं?

एकसष्ट खोटं नाहीच मुळात. गिधाडे लिहिलं गेलं ६१च्या सुमाराला असंच बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. ते रंगमंचावर आलं १९७०ला, पुस्तक आलं १९७१ला. म्हणजे एकाच नाटकाला तीन सालं, आणि तिन्ही खरी. गाईडवाल्याने त्यातलं एक उचललं, कुठलं ते सांगितलं नाही, आणि शेजारच्या ओळीत शांतताचं मात्र प्रयोगाचं साल टाकलं. एका रांगेत एकाचं लिहिल्याचं साल आणि दुसऱ्याचं प्रयोगाचं साल ठेवल्यावर क्रम लागणार कसा? फळ्यावर आम्ही तीन रकाने केले: लेखन, पहिला प्रयोग, पहिली आवृत्ती. प्रयोगाच्या रकान्यात क्रम लागतो शांतता, गिधाडे, सखाराम, घाशीराम. पुस्तकांच्या रकान्यातही तोच लागतो, ६८, ७१, ७२, ७३. फक्त लेखनाचा रकाना धरला तर गिधाडे पुढे सरकतं आणि बी येतं. म्हणजे तीनपैकी दोन रकाने छोटीच्या बाजूने होते, आणि सीला, म्हणजे सावंतवाडीच्याला, एकही रकाना मदत करत नव्हता. तो बिचारा लगेच म्हणाला, चुकलो, मी सखारामचं साल घाशीरामच्या मागे कधी ढकललं मलाच कळलं नाही.

मग रकाने भरायचा सगळ्यांना नादच लागला, त्या दिवशी तीन तास कुणी उठलं नाही. एक गोष्ट पटकन लक्षात आली, सालावरून भांडण नाटकांत जास्त होतं, कादंबरीत कमी. कोसला १९६३ म्हटलं की विषय संपतो. पण जुनी कादंबरी घ्या, हरिभाऊ आपट्यांची पण लक्षात कोण घेतो, ती त्यांच्या करमणूक या साप्ताहिकात १८९० पासून क्रमशः आली आणि पुस्तक झालं १८९३ला. पर्यायांत दोन्ही सालं दिली तर मुलाने काय करायचं? कवितेत तर अजून वेगळं. तुतारी १८९३ची, केशवसुत गेले १९०५ला, आणि त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं त्यांच्या मागे. तृतीय रत्न १८५५ला लिहिलं पण ते छापून लोकांसमोर यायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. कुणी म्हणेल या सनावळीला एवढं काय धरून बसायचं, साहित्य म्हणजे काय तारखा का? मला ते पटत नाही. तृतीय रत्न कधी लिहिलं आणि कधी छापलं यातल्या शंभराहून जास्त वर्षांत आपल्या समाजाबद्दलचं एक अख्खं प्रकरण दडलेलं आहे. आणि जी. ए. कुलकर्णींना काजळमायासाठी १९७३चा साहित्य अकादमी मिळाला आणि पुस्तकाच्या प्रकाशन तारखेवरून तो नियमात बसतो की नाही असा वाद उठला तेव्हा त्यांनी पुरस्कार परत केला. तारखेला इतकं मोल देणारा लेखक आपल्याच भाषेतला, तेव्हा तारीख ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मी तरी कुणाला शिकवणार नाही. तारीख कशाची आहे ते न सांगता तारीख पाठ करून घेणं मात्र फुकट आहे.

पहिल्या नाटकाचा प्रश्न आम्ही शेवटी काढला. दादाने ऑब्जेक्शन घ्यायची तयारी केली होती, तृतीय रत्नचे पुरावे गडहिंग्लजचीने गोळा केले होते. ताई म्हणाली, एकदा प्रश्न पूर्ण वाचा. दादाने वाचला. प्रश्नात होतं, मराठीतील पहिले स्वतंत्र मुद्रित नाटक. मुद्रित. चहाच्या गाड्यावर अर्धा तास भांडण झालं तेव्हा चौघांच्याही हातात प्रश्नपत्रिका होती आणि एकानेही तो शब्द वाचला नव्हता, कारण सगळे आठवणीतल्या प्रश्नावर भांडत होते, कागदावरच्या नाही. मुद्रित म्हटल्यावर भावे बाजूला, दशावतार बाजूला, तृतीय रत्नही बाजूला. उरलं छोटीचं उत्तर. छोटी त्या दिवशी आली होती, मागे बसली होती. मी तिला विचारलं, हे का केलं होतंस? ती म्हणाली, "मॅडम, मुद्रित लिहिलं होतं ना." मग त्या दिवशी बोलली का नाहीस? "दादा म्हणाले दोन मतं."

दादाला फार वाईट वाटलं. तो तिथल्या तिथे तिला म्हणाला, माझं चुकलं गं, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

पुढे तात्पुरती आन्सर की आली. तेंडुलकरांच्या प्रश्नाचं ए, विंदांचं २००३, पहिल्या नाटकाचं थोरले माधवराव पेशवे. अंतिम निकालात ताई पात्र झाली. दादा थोडक्यात राहिला. छोटी त्या वेळी पात्र झाली नाही, पण तिने एसटीत जो आकडा मोजला होता त्याच्यापेक्षा तिला प्रत्यक्षात १४ गुण जास्त होते, आणि नेटचा फॉर्म हातचा गेला होता. ते सहा महिने तिला कुणी परत देणार नाही.

यावर पहिला सल्ला मिळतो तो उत्तरं जुळवूच नका असा. मी तो देत नाही, कारण तो कुणी पाळत नाही आणि पाळायची गरजही नाही. वर्षभर एकट्याने वाचलेलं माणूस बोलणारच, आणि पेपर सुटल्यावरचा तो तास खरं तर शिकण्याचा सगळ्यात चांगला तास असतो, कारण प्रश्न डोक्यात गरम असतात. जून २०२४ च्या नेटच्या वेळी तर १८ तारखेला पेपर झाला, पोरं रात्रभर उत्तरं जुळवत बसली आणि १९ला अख्खी परीक्षाच रद्द झाली, पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतली. त्या रात्री ज्यांनी नुसते आकडे जुळवले त्यांच्या हातात काही उरलं नाही. ज्यांनी प्रश्नावर बोलून घेतलं त्यांना ते पुन्हा देताना कामाला आलं, असं आमच्याच गटातल्या दोघींनी सांगितलं.

त्यामुळे गटात आम्ही बंद केली ती मतमोजणी. आता पेपर सुटला की आधी प्रत्येकाने स्वतःच्या बुकलेटवर, एकमेकांशी बोलायच्या आत, शंका असलेल्या प्रश्नांपुढे एक अक्षर लिहायचं. वा म्हणजे मूळ पुस्तकात वाचलंय, गा म्हणजे गाईड, ऐ म्हणजे कुणाकडून ऐकलंय, अं म्हणजे अंदाज. मग बोलायचं. बोलताना प्रश्न क्रमांक सांगायचा नाही, प्रश्न अख्खा वाचायचा, शेवटच्या शब्दापर्यंत. आणि 'तू काय केलंस' याच्या आधी 'कशावरून' विचारायचं, सगळ्यांना, फक्त जो एकटा पडलाय त्याला नाही. दादाने छोटीला कशावरून विचारलं होतं पण गडहिंग्लजचीला विचारलं नव्हतं, कारण तिचं उत्तर त्याच्यासारखंच होतं. विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं की दोघांची दोन मतं म्हणजे एकाच गाईडचं एकच मत आहे. एरवी कुणी चूक सांगितलं तर सांगू दे, पण पेन्सिलची फुली आन्सर की यायच्या आधी मारायची नाही, हा नियम खास छोटीमुळे आला.

अक्षरांचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. बुकलेट घरी नेऊन मुलं स्वतःच बघतात की आपले गा किती आणि वा किती. गडहिंग्लजचीच्या पुढच्या पेपरात एकोणीस गा निघाले, त्यातले सात चुकलेले. तिने त्या सात पुस्तकांची यादी केली आणि ग्रंथालयातून एकेक आणायला लागली. सावंतवाडीच्याचं उलट, नाटकात सगळे वा आणि समीक्षेत सगळे अं.

दादाचं आणि माझं अजून एका बाबतीत एकमत आहे, आणि ते परीक्षा देणाऱ्यांबद्दल नाही, पेपर काढणाऱ्यांबद्दल आहे. कालानुक्रम लावा एवढंच लिहून चालत नाही. तेंडुलकरांच्या त्या प्रश्नात बी करणारा माणूस अडाणी नव्हता, त्याला लेखनाचं साल माहीत होतं आणि प्रश्नात कुठलं साल हवंय ते लिहिलेलं नव्हतं. पहिल्या नाटकाच्या प्रश्नात मुद्रित हा एक शब्द होता म्हणून तो प्रश्न चोख होता. दादाने त्यावर एक पत्र लिहायला घेतलंय. आन्सर कीविरुद्धची हरकत नाही, तिची मुदत तर कधीच गेली, साधी सूचना आहे, की नाटकांच्या क्रमाच्या प्रश्नात 'पहिल्या प्रयोगानुसार' किंवा 'प्रकाशनानुसार' एवढं लिहावं. सोबत गिधाडेची दोन पानं झेरॉक्स करून जोडलीत. पहिला मसुदा चार पानी झाला होता, ताईने तो दीड पानावर आणलाय, आणि खाली सही करायला पाचही जण येणार आहेत.